कर्व्ह शून्याला टेकला म्हणजे क्युरी पॉइंट आला असं नाही

आधी प्रश्न काय आहे ते थोडक्यात. कोपरखैरण्याची एमएस्सी फिजिक्सची मुलगी आहे, प्रोजेक्टसाठी एर्बियम-आयर्न-टू (एका एर्बियमला दोन आयर्न, लेव्हज फेज नावाच्या रचनेचं) आर्क मेल्टिंगने बनवलंय आणि व्हीएसएमवर (चुंबकत्व मोजायचं यंत्र) १०० ओर्स्टेडच्या छोट्या फील्डमध्ये एम-टी, म्हणजे तापमानाबरोबर मॅग्नेटायझेशनचा कर्व्ह, काढलाय. खोलीच्या तापमानापासून वर जाताना मॅग्नेटायझेशन उतरत उतरत ४८५ केल्विनच्या आसपास जवळजवळ शून्य, मग परत चढतं, ५९० च्या आसपास परत कोसळतं पण पूर्ण शून्य होत नाही, शेपूट राहतं. फील्डमध्ये थंड करताना ४८५ च्या खाली थोडा वेळ चक्क निगेटिव्ह. झेडएफसी (फील्डशिवाय थंड केलेला) आणि एफसी (फील्डमध्ये थंड केलेला) कर्व्ह फाकलेले. तिचं विचारणं असं की यात दोन क्युरी टेम्परेचर (ज्याच्या वर चुंबकी ऑर्डर जाते) आहेत का, सॅम्पल दोन फेजचं झालंय का, का हा स्पिन ग्लास (स्पिन वेडेवाकडे गोठलेले) आहे, निगेटिव्ह म्हणजे डायमॅग्नेटिक का. आणि शेवटी, दादा महापेला मोटरच्या कंपनीत आहे, तो म्हणतो निओ (निओडिमियम-आयर्न-बोरॉन) मॅग्नेट सोडून बाकीची कंपाउंड्स सगळी कागदावरचीच, तर त्याला काय सांगू.

तुला तू म्हणतोय, राग मानू नकोस, माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे.

पहिलं म्हणजे घाबरू नकोस, तुझं सॅम्पल बऱ्यापैकी चांगलं झालेलं दिसतंय. एर्बियम-आयर्न-टू चा कॉम्पेन्सेशन पॉइंट (जिथे दोन उलट चुंबकत्वं एकमेकांना कापतात) ४८५-४९० केल्विनच्या आसपासच येतो आणि क्युरी टेम्परेचर ५९० च्या आसपास, म्हणजे तुझ्या कर्व्हने जिथे जे करायला हवं तिथे तेच केलंय. गोंधळ होतो तो कर्व्ह वाचताना. कारण आपण शिकताना लोखंड-निकेल शिकतो, तिथे एकच मॅग्नेटायझेशन असतं, ते शून्य झालं की ऑर्डर गेली, विषय संपला. इथे दोन सबलॅटिस (एका जातीच्या अणूंची जाळी) आहेत, एक आयर्नची आणि एक रेअर अर्थची, म्हणजे तुझ्या एर्बियमची, आणि मशीन तुला दोघांची फक्त वजाबाकी दाखवतं. तराजूचा काटा मधे आला म्हणून पारडी रिकामी असतात असं नाही ना, तसंच. ४८५ ला दोन्ही सबलॅटिस व्यवस्थित ऑर्डर्ड आहेत, एकमेकींच्या उलट्या आहेत आणि नेमक्या सारख्या झाल्यात, एवढंच.

आता उलट्या का, तर ते सगळं ५डी इलेक्ट्रॉनमुळे. रेअर अर्थचे ४एफ इलेक्ट्रॉन आत खोल असतात, ते आयर्नच्या ३डी शी थेट बोलतच नाहीत, मधे ५डी लागतो. ४एफ आणि ५डी एकाच अणूत, त्यांचे स्पिन एकाच दिशेला, आणि ५डी चा स्पिन शेजारच्या आयर्नच्या ३डी च्या उलट. म्हणजे रेअर अर्थचा स्पिन नेहमी आयर्नच्या स्पिनच्या उलट, मग रेअर अर्थ कुठलाही असो. पण मोमेंट (अणूचं चुंबकत्व) म्हणजे नुसता स्पिन नाही. हलक्या रेअर अर्थमध्ये, प्रेसिओडिमियम, निओडिमियम, समेरियम वगैरे, ऑर्बिटल भाग स्पिनच्या उलट आणि स्पिनपेक्षा मोठा असतो, त्यामुळे एकूण मोमेंट आयर्नच्या बाजूने येतो आणि बेरीज होते. जड रेअर अर्थमध्ये, गॅडोलिनियमपासून पुढे टर्बियम, डिस्प्रोशियम, होल्मियम, एर्बियम, थुलियम, मोमेंट स्पिनच्याच बाजूने असतो म्हणून वजाबाकी. दादाचा निओ एवढा ताकदवान का याचं निम्मं उत्तर इथेच आहे, तिथे बेरीज होते.

पण मग प्रत्येक जड रेअर अर्थला कॉम्पेन्सेशन यायला हवं, नाही का? नाही येत. आणि हे मला या सगळ्या विषयात सगळ्यात सुंदर वाटतं म्हणून इथे जरा थांबतो. टर्बियम आणि एर्बियम दोघांचाही मोमेंट ९ बोर मॅग्नेटॉन (अणूच्या मोमेंटचं एकक), अगदी सारखा. आयर्न दोन्हीकडे दोनच, प्रत्येकी साधारण १.६, म्हणजे एकूण ३.२ धर. खालच्या तापमानाला दोन्हीकडे रेअर अर्थच जिंकतो. तरी टर्बियम-आयर्न-टू मध्ये क्युरी टेम्परेचरपर्यंत, म्हणजे साधारण ७०० केल्विनपर्यंत, कॉम्पेन्सेशन येतच नाही आणि तुझ्याकडे ४८५ ला येतं. फरक मोमेंटचा नाही, मोमेंटमध्ये स्पिनचा वाटा किती याचा आहे. लांडे जी (मोमेंटमध्ये स्पिन आणि ऑर्बिटलचा वाटा सांगणारा आकडा) मधून १ वजा केलास की टर्बियमला अर्धा उरतो, एर्बियमला एक पंचमांश. एक्स्चेंज फील्ड (शेजारच्या अणूंच्या स्पिनची ओढ) फक्त स्पिनलाच पकडतं, त्यामुळे एर्बियमवर आयर्नची पकड टर्बियमच्या मानाने खूप ढिली. रेअर अर्थ-रेअर अर्थ एक्स्चेंज तर या कंपाउंडमध्ये इतकं कमकुवत की सोडून दिलं तरी चालतं. आयर्न-आयर्न सगळ्यात जोरदार, मग आयर्न-रेअर अर्थ, आणि शेवटी हे. म्हणजे तापमान वाढवत गेलीस की आयर्नची सबलॅटिस क्युरी पॉइंट जवळ येईपर्यंत ताठ उभी असते आणि एर्बियमची मात्र आधीपासूनच ढासळत जाते. ९ वरून ढासळत ढासळत ती ज्या तापमानाला आयर्नच्या उरलेल्या मोमेंटएवढी होते ते तुझं ४८५. त्याच्या वर आयर्न जिंकतं, म्हणून नेट परत वाढतं, आणि मग दोघांची ऑर्डर एकत्रच ५९० ला जाते. थुलियम घेतलंस तर पकड अजून ढिली आणि मोमेंटही ७ च, म्हणून तिथे कॉम्पेन्सेशन खोलीच्या तापमानाच्याही खाली सरकतं.

४८५ ते ५९० च्या मधला तुझा जो उंचवटा आहे ना, त्याची उंची बघून काही मोजायला जाऊ नकोस, १०० ओर्स्टेडला तो बराचसा हॉपकिन्सन इफेक्ट असतो, म्हणजे क्युरी पॉइंटच्या जरा खाली अॅनायसोट्रॉपी (मोमेंटचा ठरावीक दिशेचा हट्ट) मॅग्नेटायझेशनच्या आधी मरते, डोमेन वॉल (वेगवेगळ्या दिशांच्या भागांमधल्या सीमा) मोकळ्या होतात आणि छोटं फील्डसुद्धा भरपूर ओढून घेतं. खरं मॅग्नेटायझेशन हवं असेल तर १० किलोओर्स्टेड किंवा जास्त लाव.

निगेटिव्हचं म्हणशील तर डायमॅग्नेटिझम मुळीच नाही. वरून थंड करत आलीस तेव्हा आयर्न जिंकत होतं, म्हणून आयर्न फील्डच्या दिशेला आणि एर्बियम उलटं, असं सेट झालं. ४८५ ओलांडून खाली आलीस, आता एर्बियम मोठं, म्हणजे नेट मॅग्नेटायझेशन फील्डच्या उलट. नियमाने सगळ्या सिस्टिमने १८० अंशात फिरायला हवं, पण फिरवणारा टॉर्क नेट मॅग्नेटायझेशनवर अवलंबून, आणि ते तर इथे जवळजवळ शून्य. बिचाऱ्या १०० ओर्स्टेडला काही पकडायलाच मिळत नाही. म्हणून ते उलटंच अडकून राहतं आणि अजून खाली गेल्यावर नेट पुरेसं वाढलं की उडी मारून प्लसमध्ये येतं. तुझ्या डेटामध्ये ती उडी असेल बघ, पॉइंट जवळ जवळ घेतले असशील तर. शंका असेल तर हेच रन ५ किलोओर्स्टेडला परत घे, निगेटिव्ह भाग गायब होईल किंवा अगदी चिमूटभर उरेल. आणि अजून एक, झेडएफसीसाठी मॅग्नेट "झिरो" केलास तरी तो खरा झिरो नसतो, सुपरकंडक्टिंग असो नाहीतर साधा इलेक्ट्रोमॅग्नेट, दहावीस ओर्स्टेड मागे राहतात आणि तेही कधी उलट दिशेचे. कमी फील्डच्या मापात याने लोकांनी काय काय शोध लावलेत ते सांगायला नको. ऑसिलेट करून फील्ड उतरव.

झेडएफसी-एफसी फाकले की लगेच स्पिन ग्लास लिहिणं ही तर साथच आहे. अगं, या कंपाउंड्समध्ये अॅनायसोट्रॉपी एवढी मोठी की खालच्या तापमानाला डोमेन वॉल अगदी अरुंद होतात आणि कुठल्याही डिफेक्टला अडकून बसतात, मग फील्डशिवाय थंड केलेलं आणि फील्डमध्ये थंड केलेलं वेगळं येणारच. स्पिन ग्लास म्हणायचं तर एसी ससेप्टिबिलिटी काढ, फ्रीक्वेन्सीबरोबर पीक सरकतो का बघ, एजिंग, मेमरी दाखव. नुसत्या फाकण्यावर काही लिहू नकोस, व्हायवाला एक्स्टर्नल तिथेच पकडेल.

आता मूळ मुद्दा, जो बऱ्याच थीसिसमध्ये उलटा लिहिलेला असतो. तुझ्या कर्व्हवर सगळ्यात ठळक दिसणारी गोष्ट, ४८५ चा शून्य, हा फेज ट्रान्झिशन नाही. तिथे सिमेट्री बदलत नाही, ऑर्डर पॅरामीटर शून्य होत नाही, स्पेसिफिक हीटमध्ये काही दिसत नाही, डीएससीची (तापवताना शोषलेली उष्णता मोजणाऱ्या यंत्राची) रेघ तिथून सरळ निघून जाते. ५९० हा खरा ट्रान्झिशन, तिथे डीएससीवर उंचवटा येईल. (खूप मोठं फील्ड लावलं तर कॉम्पेन्सेशनजवळ दोन सबलॅटिस तिरक्या होऊन वेगळी फेज येते हे खरं, पण ते तुझ्या फील्डच्या आवाक्यातलं नाही.) आणि याच्या बरोबर उलट म्हणजे स्पिन रीओरिएंटेशन, जिथे एम-टी वर कधी कधी नुसता बारीक कोपरा दिसतो, लोक तो नॉइज समजून सोडून देतात, आणि तो मात्र खरा ट्रान्झिशन असतो, कारण मोमेंटची सोपी दिशाच क्रिस्टलमध्ये बदलते.

दिशा कशाने बदलते तर क्रिस्टल फील्डने, म्हणजे आजूबाजूच्या अणूंच्या विद्युत क्षेत्राने. ४एफ चा चार्जचा ढग गोल नसतो, कुणाचा चपटा, कुणाचा लांबुडका. चपट्यांना एक दिशा आवडते, लांबुडक्यांना दुसरी, आणि आयर्नची स्वतःचीही एक आवड असते. तापमानाबरोबर रेअर अर्थची आवड झपाट्याने कमी होते, आयर्नची हळू, मग मधे कुठेतरी पारडं फिरतं. टू-फोर्टीन-वन मध्ये (दोन रेअर अर्थ, चौदा आयर्न, एक बोरॉन), म्हणजे निओच्याच घराण्यात, एर्बियम टाकलंस तर खाली मोमेंट बेसल प्लेनमध्ये असतात आणि साधारण ३२० केल्विनला उठून सी-अॅक्सिसवर जातात. ३२० म्हणजे ४७ सेल्सियस, वागळे इस्टेटच्या पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात दुपारी होईल एवढंच.

वन-टू मध्ये, म्हणजे तुझ्या कंपाउंडच्या घराण्यात, ही दिशा ओळखायला मॉसबॉअर (आयर्नचं केंद्रक गॅमा किरण कसे शोषतं ते बघणं) हे जबरदस्त हत्यार आहे, मिळालं तर सोडू नकोस. आयर्नच्या जागा क्रिस्टलच्या दृष्टीने सगळ्या सारख्या, पण प्रत्येकीचा स्थानिक तीन-घडीचा अक्ष चारपैकी एका बॉडी डायगोनलवर असतो. मोमेंट जर १०० दिशेला (घनाच्या कडेला समांतर) असतील तर चारही अक्षांशी सारखाच कोन, म्हणून एकच सहा रेघांचा संच. मोमेंट १११ ला (बॉडी डायगोनलवर) असतील तर एका अक्षाला समांतर आणि बाकी तिघांशी वेगळा कोन, म्हणून दोन संच, एरियाचं प्रमाण ३ ला १. डिस्प्रोशियम आणि होल्मियम पहिल्या गटात, टर्बियम, एर्बियम, थुलियम दुसऱ्या. तुझ्या सॅम्पलच्या स्पेक्ट्रममध्ये ३ ला १ असा फाटा दिसला की दिशा पक्की, सिंगल क्रिस्टल वाढवायची गरज नाही.

शेपटाबद्दल. ५९० च्या वर जे उरतंय ते बहुतेक फुकटचं अल्फा आयर्न, त्याचा क्युरी १०४३ केल्विन, म्हणजे तुझ्या ओव्हनच्या टोकापर्यंत ते जिवंत राहणार. किती आहे तेही काढता येतं. ६५० ला मोठ्या फील्डपर्यंत एम-एच (फील्डबरोबर मॅग्नेटायझेशन) काढ, सॅच्युरेशन बघ. शुद्ध लोखंड त्या तापमानाला साधारण १९० इमू (मॅग्नेटायझेशनचं एकक) पर ग्रॅम देतं, म्हणजे तुला २ इमू मिळाले तर साधारण एक टक्का लोखंड. एक्सआरडीत एक टक्का दिसणार पण नाही, मॅग्नेटोमीटरला दिसतं. हे येतं कुठून, तर मेल्ट करताना किंवा अॅनीलिंगमध्ये एर्बियम थोडं ऑक्साइड होतं, थोडं उडतं, आयर्न उरतं. पुढच्या वेळी रेअर अर्थ एक-दोन टक्के जास्त घे, बटण (वितळून झालेली गोळी) उलटंपालटं करून चार-पाच वेळा वितळव, टँटलमच्या फॉइलमध्ये गुंडाळून मग क्वार्ट्झ ट्यूबमध्ये आर्गॉन भरून सील कर. फॉइलशिवाय टाकू नकोस, रेअर अर्थ गरम असताना क्वार्ट्झलाच खातो. आणि पावडर केलीस तर जुलै-ऑगस्टमध्ये उघडी ठेवू नकोस, आपल्याकडची हवा तुला माहितीये, एका रात्रीत बारीक पावडर काळवंडते आणि मग शेपूट लांब का झालं म्हणून परत मेसेज करशील.

एककांचं एक सांगून ठेवतो कारण सगळे तिथे अडतात. इमू पर ग्रॅम गुणिले फॉर्म्युला वजन भागिले ५५८५, झाले बोर मॅग्नेटॉन पर फॉर्म्युला. तुझं फॉर्म्युला वजन २७९ च्या आसपास, म्हणजे १ इमू म्हणजे साधारण ०.०५. खालच्या तापमानाला १०० इमूच्या आसपास मिळालं तर ५ बोर मॅग्नेटॉन, ९ वजा ३.२ च्या जवळपास, जरा कमी. एवढा फरक चालतो.

आता दादा. त्याला विचार, तुमच्या मोटरमध्ये निओची कुठली ग्रेड, एसएच का यूएच (दोन्ही जास्त तापमानाच्या)? उत्तर काहीही आलं तरी त्या ग्रेडच्या मागे तुझीच वजाबाकी बसलीये. निओचा क्युरी फक्त ५८५ केल्विनच्या आसपास, म्हणजे ३१२ सेल्सियस, आणि गरम मोटरमध्ये १५०-१८० सेल्सियसला त्याची कोअर्सिव्हिटी (उलट फील्डला न बधण्याची ताकद) पडते. ती टिकवायला डिस्प्रोशियम किंवा टर्बियम घालतात कारण निओडिमियमच्या कंपाउंडचं अॅनायसोट्रॉपी फील्ड खोलीच्या तापमानाला साडेसात टेस्लाच्या आसपास तर डिस्प्रोशियमच्याचं साधारण दुप्पट. पण डिस्प्रोशियम जड, त्याचा मोमेंट आयर्नच्या उलट, म्हणजे जितकं घालशील तितकी वजाबाकी. म्हणून जास्त तापमानाच्या ग्रेडची ताकद नेहमी थोडी कमी असते, ते सप्लायरची लबाडी नाही, फिजिक्स आहे. हल्ली ग्रेनच्या फक्त कडेलाच डिस्प्रोशियम मुरवतात, म्हणजे मधे बेरीज टिकते. आणि एप्रिल २०२५ पासून चीनने टर्बियम-डिस्प्रोशियमच्या निर्यातीवर परवान्याचं बंधन घातल्यावर ठाणे-बेलापूर रोडवरच्या परचेस डिपार्टमेंटांनाही ही दोन नावं पाठ झालीत, तेव्हा कागदावरचं कसलं.

निओचा अजून एक चमत्कार त्याला सांग, तोच मॅग्नेट लिक्विड नायट्रोजनमध्ये बुडवला तर वाटेत १३५ केल्विनला मोमेंट सी-अॅक्सिसवरून तिरके व्हायला लागतात, ४ केल्विनपर्यंत ३० अंशांनी कलतात. थंड केला म्हणजे मॅग्नेट अजून जोरदार होईल हा हिशोब तिथे चुकतो, अक्षाच्या दिशेचं कमी व्हायला लागतं. निओडिमियमच्या जागी प्रेसिओडिमियम घातलं की हे रीओरिएंटेशन येतच नाही, म्हणून सिंक्रोट्रॉनमध्ये अतिशीत अंड्युलेटरसाठी (इलेक्ट्रॉन नागमोडी नेऊन प्रकाश काढणारी मॅग्नेटची रांग) प्रेसिओडिमियमवाले मॅग्नेट वापरतात.

आणि तुझ्या वन-टू चा उपयोग म्हणशील तर टर्फेनॉल-डी. टर्बियम-आयर्न-टू फील्डमध्ये प्रचंड ताणला जातो पण त्याची अॅनायसोट्रॉपी एवढी की हलवायलाच अवाढव्य फील्ड लागतं. अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत आर्थर क्लार्क आणि मंडळींनी १९७० च्या दशकात त्यात डिस्प्रोशियम मिसळलं, कारण दोघांच्या अॅनायसोट्रॉपीची चिन्हं उलटी आणि ताणण्याची चिन्हं सारखी. ०.३ टर्बियम, ०.७ डिस्प्रोशियमला अॅनायसोट्रॉपी जवळपास कटते, ताण उरतो, १० सेंटिमीटरचा रॉड मिलिमीटरच्या दशांशाने किंवा त्याहून थोडा जास्त लांबतो. निकेल याच्या पासंगालाही पुरत नाही. म्हणजे मुद्दाम रीओरिएंटेशनच्या उंबरठ्यावर आणून ठेवलेलं कंपाउंड, सोनारसाठी केलेलं.

टू-सेव्हन्टीन (दोन रेअर अर्थ, सतरा आयर्न) घराण्यावर वेगळं लिहायला लागेल, तिथे काही आयर्न-आयर्न जोड्या इतक्या जवळ आहेत की एकमेकांना उलटं ढकलतात, सिरियमच्या कंपाउंडमध्ये तर हेलिकल (मोमेंट मळसूत्रासारखे फिरत जाणारी) ऑर्डर येते, आणि समेरियमच्यात नायट्रोजन भरला (१९९०, डब्लिन, कोई आणि सुन) की जाळी फुगून क्युरी ३९० वरून ७५० केल्विनच्या घरात जातो. तुझ्या प्रोजेक्टला त्याची गरज नाही.

तुला आता करायचं ते एवढंच. ४६०, ४७५, ४८५, ४९५, ५१० ला एम-एच लूप काढ. दोन्ही बाजूंनी ४८५ कडे येताना कोअर्सिव्हिटी वाढत जाईल आणि नेमक्या कॉम्पेन्सेशनला लूप मिटून जवळजवळ सरळ रेघ उरेल, तुझ्या अल्फा आयर्नचा बारीकसा एस सोडून. क्युरीसाठी ५९० च्या आजूबाजूला अॅरट प्लॉट (एम-एच डेटावरून क्युरी पॉइंट काढायचा आलेख), त्यात लोखंडाचं सॅच्युरेशन आधी वजा करून, नाहीतर रेघा वाकड्या येतील आणि त्याचा भलताच अर्थ लावशील. दोन सबलॅटिस वेगवेगळ्या मोजून दाखवायच्या असतील तर न्यूट्रॉन डिफ्रॅक्शन हा सगळ्यात सरळ मार्ग, आणि त्याबाबतीत तू नशीबवान आहेस, वाशीचा पूल ओलांडला की ट्रॉम्बेला ध्रुव रिअॅक्टर, युनिव्हर्सिटीवाल्यांना यूजीसी-डीएई कन्सॉर्टियमच्या मुंबई सेंटरमधून प्रपोजल टाकता येतं, गाइडच्या सहीने टाक. एर्बियम न्यूट्रॉन खातो पण झेपतं, १६० बार्नच्या (शोषणाचं एकक) आसपास. गॅडोलिनियम असतं तर ४९ हजारांच्या घरात, मग मी तुला हा सल्ला दिलाच नसता.